गंजलेली पद्मिनी घरी परत चालू करायचीय? आधी गाडीखाली झोपा

देवगडला मामाच्या खळ्यात फणसाखाली एक प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली जुनी फियाट, अकरा वर्षं उभी होती. १९८६ ची, मूळ पांढरी, पण मी बघितली तेव्हा टपावर फणस पडून पडून खड्डे आणि बाकी अंगावर हिरवं शेवाळ. मामा म्हणाला, "ने रे बाबा, कोंबड्या अंडी घालतायत तिच्यात." फोंडाघाटातून टेम्पोवर टाकून कोल्हापूरला आणली. आज ती चालते, पण मधे दोन हिवाळे गेले, एक पावसाळा अक्षरशः वाया गेला आणि पार्किंगवरून बायकोशी किती वेळा वाजलं ते मोजत नाही.

मी मेकॅनिक नाही, नोकरी टेबलावरची, त्यामुळे ज्या ज्या चुका करता येतात त्या सगळ्या केल्या. हे लिहितोय ते त्या तुमच्याकडून होऊ नयेत म्हणून.

सगळ्यात मोठी चूक क्रमाची. आपण काय करतो, आधी बॅटरी लावून इंजिन फिरतंय का बघतो, फिरलं की खूश होऊन रंग कुठला मारायचा ते ठरवायला बसतो. इंजिनाचं काही टेन्शन घेऊ नका. १०८९ सीसीचं साधं चार सिलिंडरचं इंजिन आहे, बोअर मारा, क्रँक ग्राइंड करा, कोल्हापुरात उद्यमनगरात यातलं न होणारं काही नाही. पद्मिनी मरते ती पत्र्याने. जुन्या जीपला खाली वेगळी चासी असते, वरची बॉडी सडली तर दुसरी बसवता येते. पद्मिनीला अशी वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. १९५३ साली इटलीत फियाटने ही ११०० आणली तेव्हापासून ती तशीच आहे. म्हणजे फ्लोअर आणि दरवाज्याखालचा चॅनल गेला की गाडीचा कणाच गेला, मग वरून कितीही चकाचक रंग मारा.

## १. पहिलं कागद

मी हे शेवटी केलं आणि पस्तावलो, तुम्ही पाना हातात घ्यायच्या आधी करा.

आरसी बुक शोधा. नंतर परिवहनच्या वाहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून बघा. १९८९ च्या आधीच्या गाड्यांना एमएच-०७, एमएच-०९ असले नंबर नसायचे, तीन अक्षरी सीरिज असायची, आणि अशा बऱ्याच गाड्या अजून कॉम्प्युटरवर चढलेल्याच नाहीत. तुमची सापडली नाही तर घाबरू नका, ज्या आरटीओत नोंद आहे तिथे जाऊन बॅकलॉग एन्ट्री करून घ्यावी लागते, पण त्याला मूळ आरसी लागते. आरसीच नसेल आणि विकणारा "कागद नंतर बघू" म्हणत असेल तर गाडी स्पेअरसाठी घ्या, रस्त्यावर आणायची स्वप्नं बघू नका.

लागणारे कागद असे:

- मूळ आरसी बुक. हरवलं असेल तर पोलिसांकडची तक्रार आणि डुप्लिकेटसाठी फॉर्म २६.
- मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. मालक वारले असतील तर फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि वारसांचे कागद. भाऊबहिणी चार असतील तर चौघांच्या सह्या आत्ताच घ्या, गाडी चमकायला लागल्यावर प्रत्येकाला बाबांची आठवण येते.
- दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म २८, म्हणजे एनओसी.
- नोंदणी नव्याने वाढवायला फॉर्म २५. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी वाढवून घ्यायची आणि त्यासाठी गाडी प्रत्यक्ष नेऊन दाखवायची.
- इन्शुरन्स, निदान थर्ड पार्टी तरी. पीयूसी. पर्यावरण कराची पावती. आणि हो, नवीन एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, आता जुन्या गाड्यांनाही सक्तीची आहे.

फी आधीच माहीत असू दे. नोंदणी वाढवायची फी एप्रिल २०२२ पासून चारचाकीला ५,००० झाली होती, ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांपेक्षा जुन्या चारचाकीला १०,००० केली. उशिराचा दंड, पर्यावरण कर हे वेगळं.

चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून बघा. पट्टीवर गंज असेल तर ग्राइंडर लावू नका!! नंबर खरवडला गेला तर तुमची गाडी चोरीची नाही हे तुम्हालाच सिद्ध करत बसावं लागेल. रॉकेलचं फडकं आणि नायलॉनचा ब्रश, नंतर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घ्यायचा, बस.

दोन गैरसमज आहेत. पहिला, "पंधरा वर्षांनी गाडी भंगारात द्यावीच लागते." तो नियम दिल्लीकडचा, आपल्याकडे फिटनेस दाखवून नोंदणी वाढवता येते. दुसरा, "व्हिंटेज करून टाक, कटकट नको." २०२१ च्या नियमानुसार व्हिंटेज म्हणजे ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ स्वरूपातली गाडी, तिला व्हीए सीरिजचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी २०,००० आणि ती १० वर्षं चालते. पण ती गाडी रोज फिरवायची नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच बाहेर. रविवारी पन्हाळ्यावर जायचं असेल तर साधी नोंदणीच बरी.

## २. आता गाडीखाली झोपा

तुम्ही गाडी विकत घेणार असाल तर पैसे देण्याआधी, घरचीच असेल तर एक रुपया खर्च करण्याआधी. सोबत जुना स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च आणि फ्रिजवरचं चुंबक.

चुंबक फडक्यात गुंडाळून बॉडीवरून फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुटी आहे. आमच्या गाडीच्या मागच्या डाव्या मडगार्डवर एका ठिकाणी बोटभर जाडीची पुटी निघाली, त्याखाली वर्तमानपत्राचा बोळा, आणि बोळ्यावर चक्क क्रिकेटचा स्कोअर वाचता येत होता.

मग स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. चांगला पत्रा टण्ण वाजतो, सडलेला थप्प. थप्प आलं की टोक दाबून बघायचं, आत गेलं तर गेलं, लाजायचं नाही. विकणारा ओरडेल, ओरडू दे.

कुठे कुठे बघायचं? दरवाज्याखालचे दोन्ही चॅनल, खालून आणि आतून. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटिंग उचलून फ्लोअर. बॅटरीचा ट्रे, कारण तिथे अ‍ॅसिड सांडलेलं असतं. डिकीत स्टेपनीची जागा. पुढच्या मडगार्डच्या आतला कोपरा जिथे चिखल साठतो. दरवाज्यांची खालची घडी. काचेच्या रबराखालची कड, इथे फुगवटा दिसला तर आत दुप्पट समजा, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि दोन पत्र्यांच्या मधे झाला की त्यांना उकलून काढतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मागचे पाटे (स्प्रिंगच्या लांब पट्ट्या) बॉडीला जिथे बसतात ती जागा आणि पुढचं सस्पेन्शन जिथे धरलंय ती जागा.

फ्लोअरला भोकं असणं चालतं. एका बाजूचा चॅनल गेलाय, तेही चालतं. पण दोन्ही चॅनल, मागच्या पाट्यांची जागा आणि पुढचं सस्पेन्शन सगळंच भुसभुशीत असेल तर हात जोडा आणि दुसरी गाडी शोधा. दरवाजे उघडून लावून बघा, उघडल्यावर दरवाजा खाली बसत असेल आणि वरची फट एकीकडे जास्त दिसत असेल तर गाडी मधून वाकायला लागलीय. (बिजागरी झिजली असेल तरी असं होतं, दरवाजा उचलून हलवून बघा.)

कोकणातली गाडी असेल तर डबल तपासा. खारं पाणी विजेला चांगली वाट देतं आणि गंजणं ही शेवटी बारीकशी बॅटरीच आहे, त्यामुळे समुद्राच्या हवेत तोच पत्रा कितीतरी लवकर जातो. आमच्या गाडीत तर पाणी निघून जायची भोकं फणसाच्या पानांनी बुजली होती, चॅनलमधे अकरा पावसाळे पाणी साठून राहिलं. पिन घालून मोकळी करायला दहा मिनिटांचं काम, पण कोणी केलं नाही.

## ३. हत्यारं आणि कॅलेंडर

पद्मिनी मूळची फियाट असल्यामुळे नट-बोल्ट मेट्रिक आहेत, हे एक सुख. अ‍ॅम्बॅसेडरवाल्यांना इंची पाने शोधत फिरावं लागतं.

लागेल ते असं: चांगल्या स्टीलचा सॉकेट सेट (सहा कोनी घ्या, बारा कोनी गंजलेला बोल्ट गोल करून टाकतात), रिंग पाने, चार इंची ग्राइंडर, त्याला कप ब्रश आणि फ्लॅप डिस्क, हायड्रॉलिक जॅक, लोखंडी घोड्या चार, हातोडी-डॉली, ८० पासून ८०० पर्यंतचे पॉलिश पेपर, गॉगल, कानाला मफ, जाड हातमोजे आणि खरा फिल्टरचा मास्क. रुमाल बांधून ग्राइंडर मारू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं, ते घरात मुलांपर्यंत जायला नको, म्हणून त्या कपड्यांनी थेट आत जायचं नाही.

विटांवर गाडी ठेवू नका. विटा तडकतात, आणि तुम्ही खाली असाल.

कॅलेंडर मात्र डोक्यात पक्कं ठेवा. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर उघडा पत्रा म्हणजे नुसती माती. मी पहिल्या वर्षी मार्चमध्ये उत्साहात सगळा रंग खरवडून काढला, एप्रिल लग्नांत गेला, मे वळवात गेला, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात अख्खी गाडी नारिंगी. परत शून्यापासून. ऑक्टोबर सुरू झाला की कामाला लागा, दिवाळीपर्यंत खोलून मोकळे व्हा, थंडीत पत्र्याचं काम करा, फेब्रुवारी-मार्चला रंग. नाही जमलं तर प्रायमर मारून पुढच्या ऑक्टोबरपर्यंत झाकून ठेवा, पण झाकायला प्लास्टिक ताडपत्री थेट अंगावर टाकू नका, आत घाम धरतो.

## ४. खोलणं

खोलताना फार भारी वाटतं, एका शनिवारी अर्धी गाडी मोकळी होते. सहा महिन्यांनी हातात एक क्लिप उरते आणि ती कुठली ते आठवत नाही.

प्रत्येक गोष्टीचा काढायच्या आधी फोटो, अर्धवट काढल्यावर फोटो, काढल्यावर फोटो. बोल्ट ठेवायला श्रीखंडाचे रिकामे डबे उत्तम, झाकणावर मार्करने लिहायचं "पुढचा डावा मडगार्ड, वरचे ४". वायरिंग कापू नका, प्रत्येक टोकाला कागदी टेप लावून नंबर घाला.

न सुटणारा बोल्ट: डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं) ऑइल अर्धं अर्धं, संध्याकाळी सोडा, सकाळी परत सोडा. मग आधी जरासा आवळायचा आणि नंतर सोडायचा, आवळल्याने गंजाची पकड तुटते. तरी नाही तर गॅसच्या टॉर्चने नट तापवा, पण पेट्रोलची टाकी आणि पाईप आधीच गाडीच्या बाहेर गेलेले असले पाहिजेत. तुटलाच तर शिवी द्या, चहा प्या, नंतर ड्रिल करा. रागाच्या भरात ड्रिल केलं की हमखास तिरकं जातं.

सगळी गाडी एकदम खोलू नका हेही सांगतो. पुढची बाजू काढा, करा, प्रायमर मारा, मग मागची. गल्लीत एखादी गाडी अशी असतेच जी पूर्ण खोलली आणि नंतर डब्यांतूनच भंगारवाल्याकडे गेली.

## ५. गंज काढणं

गंज तीन प्रकारचा समजा. वरवरचा, म्हणजे ब्रश मारला की खाली पांढरा पत्रा दिसतो. खड्ड्यांचा, म्हणजे पत्रा आहे पण देवीचे वण असल्यासारखा. आणि आरपार. आरपारला कुठलंही औषध नाही, तो कापायचाच.

वरवरच्या गंजाला ग्राइंडरवर कप ब्रश. एका जागी धरून ठेवू नका, पत्रा तापून लाटा येतात. आणि तो ब्रश तारा फेकतो, माझ्या जीन्समध्ये तीन घुसल्या होत्या, म्हणून गॉगल.

खड्ड्यांतला गंज ब्रशने निघत नाही, नुसता पॉलिश होऊन काळा चकचकीत दिसतो आणि आपण फसतो. त्याला अ‍ॅसिड. फॉस्फोरिक अ‍ॅसिडचे रस्ट रिमूव्हर मिळतात, लोखंडावर फॉस्फेटचा करडा थर सोडतात, त्यावर रंग चांगला धरतो. टॅनिक अ‍ॅसिडचे कन्व्हर्टर गंजाला काळं करून बसवतात. आपल्याकडे हिरड्याच्या काढ्यात लोखंड घालून काळी शाई करायचे, तीच ही केमिस्ट्री. पण कन्व्हर्टर हा फक्त पातळ गंजावर आणि हात न पोचणाऱ्या सांदीत वापरा, सुटलेल्या पापुद्र्यावर मारलात तर पापुद्र्यासकट निघून येतो.

सुटे भाग, म्हणजे बिजागऱ्या, ब्रॅकेट, बंपरची आतली पट्टी, यांना बादलीत भिजवा. मी किराणा दुकानातलं लिंबूसत्व वापरलं, १० लिटर कोमट पाण्यात अर्धा किलो. चार-पाच तासांनी बघत राहायचं, रात्रभर पुरेसं होतं, विसरलात तर चांगलं लोखंडही खायला लागतं. बाहेर काढून सोड्याच्या पाण्यात बुडवायचं, लगेच पुसून हीट गनने किंवा उन्हात वाळवायचं आणि तासाभरात प्रायमर. लगेच म्हणजे लगेच, जेवून येतो म्हणालात तर परत पिवळा थर.

मोठ्या किंवा नाजूक भागांना इलेक्ट्रोलिसिस. प्लास्टिकचा टब, पाण्यात धुण्याचा सोडा, लिटरला एक चमचा. बॅटरी चार्जरची निगेटिव्ह आपल्या भागाला, पॉझिटिव्ह भंगार लोखंडाच्या पट्टीला. उलटं जोडलं तर तुमचा भाग खाल्ला जाईल. तीन ताकीद: पट्टीच्या जागी घरातली स्टीलची ताटली वापरू नका, ती स्टेनलेस असते, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. वरती बुडबुडे येतात तो हायड्रोजन आहे, उघड्यावर करा आणि जवळ बिडी-सिगारेट नको. आणि स्प्रिंगा, सस्पेन्शनचे कडक बोल्ट यात घालू नका, हायड्रोजनने ठिसूळ होतात. अ‍ॅसिड असो की सोडा, कार्बोरेटर यातल्या कशातच बुडवायचा नाही, तो जस्त-अ‍ॅल्युमिनियमचा, विरघळायला लागतो.

कोणीतरी सांगेलच, "मळीत भिजव, कारखान्यातून आण." मळीने गंज निघतो हे खरं आहे, दोन-तीन आठवडे लागतात आणि वास असा की सोसायटी उठेल. पण मळीवर उत्पादन शुल्क खात्याचा ताबा असतो, ओळखीवर कॅन भरून आणायचा उद्योग करू नका.

## ६. कापणं आणि वेल्डिंग

इथे मी हात वर केले आणि वेल्डर घरी बोलावला, तुम्हालाही तेच सांगेन. मोजमाप, कापणं, तुकडे तयार करणं, साफसफाई हे सगळं स्वतः करायचं, तो आला की फक्त जोडायचं, म्हणजे त्याची हजेरी दोन-तीन दिवसांची होते, पंधरा दिवसांची नाही.

वेल्डर शोधताना एकच प्रश्न: सीओटू वेल्डिंग आहे का? साधं आर्क वेल्डिंग ग्रीलवाल्याकडे ठीक, गाडीच्या पातळ पत्र्यात ते भोक बुजवण्यापेक्षा मोठं करतं.

पत्रा सीआर (कोल्ड रोल्ड) शीटचा घ्या, बाहेरच्या पॅनेलला २० गेज, फ्लोअर आणि चॅनलला १८ गेज. जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला पत्रा स्वस्त आणि गंजत नाही म्हणून मोह होतो, पण वेल्डिंगला जस्ताचा धूर निघतो, रात्री थंडी वाजून ताप येतो.

चॅनल कापायच्या आधी दरवाज्याच्या चौकटीत लोखंडी अँगल आडवा-तिरका टाकून तात्पुरता वेल्ड करा आणि मगच कापा, एका वेळी एकच बाजू. दरवाजा बसवून फट मोजा, तुकडा टाचून लावा, परत दरवाजा बसवून मोजा, मग पक्का करा. आम्ही उजव्या बाजूला ही दुसरी मोजणी केली नाही, वेल्डर घाईत होता आणि मी लाजलो. तो दरवाजा अजूनही दोन वेळा आपटावा लागतो.

सडलेला भाग कापताना चांगला पत्रा लागेपर्यंत कापत जायचं, दोन बोटं अजून जास्त. भोकावर ठिगळ मारून खाली गंज ठेवला तर त्या दोन पत्र्यांच्या मधे पाणी बसतं आणि तीन वर्षांत ठिगळासकट जातं. वेल्डिंग एका रेषेत ओढत नेऊ देऊ नका, एक टाका इथे, एक तिकडे, थंड होऊ द्यायचं. जिथे पत्रे एकावर एक येतात तिथे आधी झिंक प्रायमर.

आगीचं विसरू नका. बॅटरी बाहेर, टाकी बाहेर, सीट-मॅटिंग-वायरिंग बाजूला, बादलीभर पाणी, बादलीभर वाळू, आणि एक माणूस फक्त बघायला. आमच्याकडे जुन्या डांबरी कोटिंगने आत पेट घेतला होता, वेल्डरला काच लावल्यावर काही दिसत नाही, भाच्याने ओरडून सांगितलं. काम संपल्यावर अर्धा तास तिथेच बसा.

आणि हो, "फायबर मारून देतो, दिसणारपण नाही" असं म्हणणारे भेटतील. चॅनलला फायबर म्हणजे मोडक्या हाडाला बँडेज.

## ७. इंजिन, पेट्रोल, ब्रेक

थोडक्यात सांगतो, कारण हे मेकॅनिक लोकांना जास्त कळतं.

अकरा वर्षं उभं इंजिन स्टार्टर मारून फिरवू नका. प्लग काढा, प्रत्येक भोकातून तेच डिझेल-एटीएफ दोन-दोन चमचे सोडा, आठवडाभर रोज थोडं थोडं, मग क्रँकच्या पुलीच्या नटवर पाना लावून हाताने हलवून बघा. जाम असेल तर पुढे-मागे, जोर न करता. फिरल्यावर जुनं ऑइल काढा, नवीन भरा, तेव्हा स्टार्टर. ब्लॉकचे वेल्श प्लग (पाण्याच्या भोकांवरच्या पत्र्याच्या टोप्या) बघा, ते आतून गंजून पिन टोचल्यासारखी गळती देतात. प्लगच्या वायरी काढल्या असतील तर क्रम १-३-४-२.

पेट्रोलची टाकी रिकामी केली तरी आत वाफ राहते आणि स्फोट वाफेचाच होतो, म्हणून टाकीला कधीही घरी वेल्डिंग नाही. आत मूठभर नट आणि लिंबूसत्वाचं पाणी घालून हलवा, धुवा, पूर्ण वाळवा. रबरी पाईप सगळे बदला. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुनं रबर, पंपाचा पडदा, कार्बोरेटरच्या गॅस्केटी त्यात फुगतात किंवा भुगा होतात, म्हणून इथेनॉल चालणारे पाईप मागून घ्या. ते पेट्रोल हवेतला ओलावाही ओढतं, गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकीत साठवू नका.

ब्रेकला काटकसर नाही. चारही चाकांना ड्रम आहेत, सगळे व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, होजपाईप आणि लोखंडी पाईप नवे. जुन्या लायनरची धूळ हवेने उडवू नका, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, ओल्या फडक्याने पुसा. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर रंग उकलतो, म्हणून हे काम रंगाच्या आधी. टायर नक्षी चांगली दिसली तरी बाजूचा चार आकडी कोड वाचा, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. मूळ साइज ५.२०-१४.

स्पेअरसाठी पुण्यात नाना पेठ, बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईत कुर्ला आणि चोर बाजार. ही गाडी कुर्ल्यातच बनायची, १९६४ ला फियाट ११०० डिलाइट म्हणून आली, १९७४ पासून पद्मिनी. मुंबईच्या टॅक्सीमुळे इतकी वर्षं सुटे भाग मिळत राहिले, शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची, वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली आणि रस्त्यावरून काळी-पिवळी पद्मिनी गेली. त्यामुळे काच, क्रोम पट्ट्या, मागचे लाइट दिसले की घेऊन ठेवा, यांत्रिक भागांना अजून एवढी मारामार नाही. नमुना सोबत नेल्याशिवाय जाऊ नका, "फियाटचंच आहे" म्हणून डुक्कर फियाटचा, म्हणजे त्याआधीच्या मॉडेलचा भाग गळ्यात पडतो.

## ८. रंग

रंगाचा बराचसा खेळ खालीच झालेला असतो. उघड्या पत्र्यावर एपॉक्सी प्रायमर, त्यावर पुटी, आणि ती दोन-तीन मिलिमीटरच्या वर नाही. पुटी स्पंजासारखी पाणी पिते, उघड्या पुटीला पाण्याचा पॉलिश पेपर मारून तशीच ठेवू नका.

वरचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग घरी मारायचा विचार असेल तर सोडून द्या. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, साध्या मास्कने अडत नाही, एकदा त्याचा दमा लागला की आयुष्यभर. प्रायमर आणि घासाई आपण करायची आणि शेवटचे कोट बूथवाल्याकडून मारून घ्यायचे. मला आकाशी हवा होता, पण आरसीवर पांढरा, रंग बदलला तर आरटीओत नोंद बदलावी लागते, परत त्या रांगेत उभं राहायची ताकद नव्हती. पांढराच मारला.

## ९. आतून मेण, आणि दर मृगाच्या आधी

बाहेरचा रंग लोक बघतात, गंज आतून येतो. रंग वाळल्यावर चॅनलच्या, दरवाज्याच्या आणि डिकीच्या पोकळीत लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स फवारा. कोकणात जळकं ऑइल मारतात, त्याने गंज थांबतो हे खरं, पण बुश आणि रबरं फुगतात आणि ते थेंब थेंब जमिनीत जातं, मी नाही मारलं. वॅक्स मारून झालं की पाणी जायची भोकं परत मोकळी करा, वॅक्सनेच बुजतात.

आमच्याकडे आता हे काम वर्षातून दोनदा असतं, मेच्या शेवटी आणि दसऱ्याला. मॅटिंग उचलायचं, हात फिरवून ओल बघायची, भोकांत सायकलची स्पोक घालायची, खालून पाण्याने चिखल धुवायचा. दसऱ्याला गाडी पुजायच्या आधी मी खाली झोपलेला असतो आणि आई फुलं घेऊन उभी असते. गेल्या वेळी डाव्या चॅनलच्या टोकाला नखाएवढा फुगवटा दिसला, खरवडून प्रायमर मारलाय, रंगाचा डबा अजून उघडायचा आहे.